दुसऱ्यांदा पी०४२०

इंजिनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा मी गाडीला मोठ्याने म्हणाले, "अगं, तुला आत्ताच तर नवा बसवलाय!" आत्ताच म्हणजे १९ महिन्यांपूर्वी. घरी येऊन गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि तोच कोड समोर आला: पी०४२०. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्याची (बोलीत कॅटकॉनची), कार्यक्षमता मर्यादेखाली.

गाडी २००४ सालची. पेट्रोल, चार सिलिंडर, १,८३,००० किलोमीटर पळालेली. बाबांची. ते गेल्यावर विकायची असं ठरलं होतं आणि ते अजून ठरतंच आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे गाडीतल्या बाकी कुठल्याही भागापेक्षा या भागाबद्दल मला जास्त कळायला हवं होतं. दरवर्षी उत्प्रेरकाच्या धड्यात याचंच उदाहरण देते: स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. मग माझा १९ महिन्यांत खर्च कसा झाला?

पहिल्या वेळी झालं ते असं. दिवा लागला, मिस्त्रींकडे गेले, त्यांनी कोड वाचला आणि म्हणाले, "ताई, कॅटकॉन गेला." मी म्हटलं, बदला. दुपारपर्यंत बदलून झाला, दिवा विझला, मी खूश. "का गेला?" हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर्गात कुणी कारण न देता नुसतं उत्तर लिहिलं तर मी अर्धेच गुण देते.

तर या वेळी ठरवलं की कारण सापडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मदतीला भाचा होता. त्याला गाड्यांचं वेड आहे आणि परीक्षा नुकतीच संपली होती.

आधी हा कोड नेमकं काय म्हणतो ते. मला वाटायचं की गाडी धुरातला विषारी वायू मोजते आणि तो वाढला की दिवा लावते. तसं काहीच नाही. गाडीचा संगणक प्रदूषण मोजतच नाही, तो फक्त अंदाज बांधतो. कॅटकॉनच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. आतल्या सिरॅमिकच्या जाळीत, जिच्या एका चौरस इंचात साधारण ४०० बारीक नळ्या असतात, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा अगदी पातळ थर असतो. तो कार्बन मोनॉक्साइडचा डायऑक्साइड करतो, न जळलेलं पेट्रोल जाळतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेतो. पण त्या थरात आणखी एक गडी असतो, ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही: सिरियम ऑक्साइड. मिश्रणात हवा जास्त झाली की हा ऑक्सिजन धरून ठेवतो, पेट्रोल जास्त झालं की सोडतो. धान्याच्या कणगीसारखा. सुगीत भरायची, टंचाईत उपसायची.

आता पुढचा, म्हणजे कॅटकॉनच्या आधीचा, सेन्सर बघा. इंजिन मिश्रण सतत थोडं इकडे, थोडं तिकडे करत असतं, म्हणून त्याचा आलेख ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये करवतीच्या दातांसारखा वरखाली होतो. कणगी शाबूत असेल तर हे चढउतार तिच्यातच जिरतात आणि मागच्या सेन्सरला जवळजवळ सरळ रेष दिसते, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास. कणगी फुटली की मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागतो. संगणक ही नक्कल ओळखतो आणि पी०४२० लिहून मोकळा होतो. म्हणजे कोडचा खरा अर्थ "ऑक्सिजन साठत नाही असं वाटतंय" एवढाच. "कॅटकॉन बदला" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

इंजिन चांगलं गरम करून, २,५०० आरपीएमवर रेस धरून दोन्ही आलेख एकाखाली एक लावले. मागचा पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत होता. भाचा म्हणाला, "मावशी, हा तर कॉपी करतोय." शिक्षिकेच्या भाच्याला शोभेल असं निदान.

यानंतर मला जी घाई झाली होती तिला आवर घातला, कारण एक्झॉस्टमध्ये गळती असली तरी हेच चित्र दिसू शकतं. धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेला भुलतो. गळती शोधायची आमची युक्ती: इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या, हवा फेकणाऱ्या बाजूला लावून फडक्याने शेपटीच्या पाइपात बसवायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे आले ते अगदी मागच्या सायलेन्सरच्या जोडावर. तिथल्या गळतीचा सेन्सरशी संबंध नाही. पुढचे जोड कोरडे, गप्प.

मग गाडीची ताकद. गेले दोन महिने ३,५०० आरपीएमच्या वर गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी करायची. मी ते वयावर ढकललं होतं, तिच्या आणि थोडं माझ्याही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच आट्यांत दाबाचा गेज लावला. आयडलिंगला एक पीएसआय (दाबाचं एकक), २,५०० ला पाच. धूर मोकळा जात असेल तर २,५०० ला तीनच्या आत राहायला हवा. खात्रीसाठी सेन्सर परत बसवून इनटेकला, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या बाजूला, व्हॅक्यूम गेजही लावला. आयडलिंगला पाऱ्याचे १८ इंच, अगदी निरोगी. रेस २,५०० वर धरल्यावर काटा आधी जागेवर आला आणि मग मिनिटभरात हळूहळू घसरत १३ वर. मला ही दुसरी चाचणी जास्त आवडली. इंजिनाला धाप लागताना डोळ्यांनी दिसते.

इन्फ्रारेड थर्मामीटरवर माझा फार जीव होता, पण त्याने निराश केलं. कॅटकॉनच्या पुढच्या टोकापेक्षा मागचं टोक गरम असेल तर तो चांगला, असा एक ठोकताळा सगळीकडे ऐकायला मिळतो. आमचा मागून ४० अंशांनी जास्त गरम निघाला, म्हणजे या हिशोबाने ठणठणीत! पण आत न जळलेलं पेट्रोल येत असेल तर ते तिथे जळून उलट जास्तच उष्णता होते. आणि इंजिनच स्वच्छ जळत असेल तर चांगल्या कॅटकॉनलाही काम कमी, फरक कमी. एकाच आकड्यातून दोन उलट निष्कर्ष निघत असतील तर तो आकडा वहीत लिहावा आणि त्यावर काही ठरवू नये.

शेवटी रबरी हातोड्याने हलकेच ठोकून पाहिलं. खुळखुळ्यासारखा आवाज. आतली जाळी सुटली होती.

तर कॅटकॉन गेला हे पक्कं. आता का गेला?

याला मारणाऱ्यांची यादी तशी छोटी आहे. एक, ऑइल जळणं: त्यातला फॉस्फरस थरावर बसतो आणि पृष्ठभाग झाकून टाकतो. दोन, कूलंट आत झिरपणं. तीन, चुकीचं सिलिकॉन सीलंट, ज्याची वाफ सेन्सरलाही खाते. चार, शिसं. हे आता पेट्रोलमध्ये नसतं, पण या यंत्राचा इतिहास त्यानेच अडवून ठेवला होता. मूळच्या फ्रेंच, पुढे अमेरिकेत गेलेल्या युजीन हूड्री या अभियंत्याने १९५० च्या दशकातच मोटारींसाठी असा कन्व्हर्टर बनवून त्याचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं उत्प्रेरकाला निकामी करायचं, त्यामुळे तो मोटारींवर आला नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून तो सर्रास बसायला लागला आणि त्याच्याबरोबर शिसं नसलेलं पेट्रोलही आलं. हूड्री त्याआधीच, १९६२ मध्ये, वारले होते. हे वर्गात सांगितलं की मुलं क्षणभर शांत होतात, मग कुणीतरी विचारतं, "मॅडम, परीक्षेला येणार का?"

पाचवा आणि सगळ्यात घातक मारेकरी म्हणजे मिसिंग. ठिणगी चुकली की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा जशीच्या तशी बाहेर येतात आणि तापलेल्या कॅटकॉनमध्ये पेटतात. जे सिलिंडरच्या आत जळायचं ते जाळीत जळतं. सिरॅमिकसुद्धा वितळतं.

ऑइल आम्ही बाबांच्या वहीमुळे बाद केलं. ग्लव्ह बॉक्समध्ये त्यांची एक लांबट वही आहे. दर वेळचं पेट्रोल, दर वेळचं किलोमीटर, टाकलेलं ऑइल, सगळं निळ्या शाईत. पुढे माझं अक्षर सुरू होतं, जरा गिचमिड, पण खंड पडू दिलेला नाही. ५,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल, गेली सहा वर्षं तेवढंच. या वयाच्या इंजिनाला हे क्षम्य आहे. कूलंटची पातळी हललेली नव्हती.

आणि मग भाच्याने स्कॅनरचं एक पान उलटलं, जे मी पाहिलंच नव्हतं. पक्के कोड एका पानावर असतात. संगणकाला संशय आहे पण खात्री नाही असे कोड वेगळ्या पानावर. तिथे एकटा बसला होता: पी०३०३. तीन नंबर सिलिंडर मिसिंग.

मला एकदम चढ आठवले. गेली दोन वर्षं, खरं तर त्याहूनही जास्त, मोठ्या चढावर पिवळा दिवा लुकलुकायचा. वर पोचेपर्यंत विझायचा. मी समजायचे, वायर सैल असेल. आता हे नीट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: तो दिवा स्थिर पेटला तर सवडीने बघितलं तरी चालतं. लुकलुकला तर त्याच क्षणी कॅटकॉन भाजून निघण्याइतकं मिसिंग चालू आहे असं तो सांगत असतो. पाय लगेच ऍक्सिलरेटरवरून काढायचा, गाडी हळू घ्यायची आणि कारण शोधायचं. मी काय करायचे? चढ संपवायचा म्हणून आणखी रेस द्यायचे.

तीन नंबरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग, वर ओढली तर ती ऑइलमध्ये निथळत बाहेर आली. प्लगच्या विहिरीत बोटभर ऑइल. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन प्लास्टिकसारखं झालेलं, बोटाने वाकवलं तर कट्कन तुटलं. ऑइलने कॉइलचं रबरी बूट फुगलं होतं आणि त्याच्या बाजूने करड्या रंगाची केसाएवढी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. सपाट रस्त्यावर ठिणगी प्लगमधून उडायची. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून उडी मारणं अवघड होतं, मग तीच वीज ती रेघ धरून बाजूच्या लोखंडात पळायची. म्हणून फक्त चढ.

खात्रीसाठी तीनची कॉइल एक नंबरवर घातली, एकची तीनवर, आणि जपून एका चढावर जाऊन आलो. कोड आला पी०३०१. दोष कॉइलबरोबर चालत गेला. इतका स्वच्छ प्रयोग मला शाळेच्या प्रयोगशाळेतही क्वचितच मिळतो.

म्हणजे पहिला कॅटकॉनही बहुधा यानेच गेला आणि मी नव्या जाळीवर तेच पेट्रोल ओतत राहिले. त्या वेळी बसवलेला भाग स्वस्तातला आणि वजनाला हलका होता. अशा भागांत मौल्यवान धातूंचा थर कमी असतो, तेव्हा तो थोडा आधी गेला असेल. पण दोष त्याच्यावर ढकलणं सोयीचं होईल. मूळ कंपनीचा असता तरी याच वाटेने गेला असता, जरा सावकाश.

दुरुस्तीचा क्रम म्हणून उलटा ठेवला. आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्लगच्या विहिरींचे सील, चारही प्लग, तीन नंबरची कॉइल. सगळं पुसून कोरडं केलं आणि सिलिंडरनिहाय मिसिंगचे आकडे शून्यावर आले हे पाहिल्यावरच खालच्या कामाला हात घातला.

खालचं काम म्हणजे गंजाशी वाटाघाटी. तीन संध्याकाळी लागोपाठ नटबोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत राहिलो. गाडी सपाट जागी, चाकांना अडण्या, चारी बाजूंना भक्कम स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, यावर मी भाच्याला पूर्ण भाषण दिलं आणि त्याने ते डोळे मिटून ऐकलं. चश्मा मात्र दोघांनी घातला, कारण गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांतच पडतात.

मागचा सेन्सर सहज निघाला, तो १९ महिन्यांपूर्वीच बदललेला. पुढचा मात्र, दाब मोजताना एकदा काढलेला असूनही, हलेना. वायर जाण्यासाठी बाजूने चीर असलेलं २२ मिलिमीटरचं सॉकेट असतं, ते लावून इंजिन थोडं कोमट असताना एकदा घट्टच्या दिशेने किंचित हलवला, मग सोडला. तेव्हा कुरकुरत आला. पुढच्या फ्लॅंजच्या (जोडाच्या चकतीच्या) तीन नटांपैकी दोन शहाणे निघाले, तिसऱ्याने स्टडसकट, म्हणजे ज्या आट्यांच्या दांड्यावर तो बसतो त्याच्यासकट, मान टाकली. तुटलेला स्टड काढण्यात अख्खी दुपार गेली. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

बाहेर काढल्यावर मी एका तोंडाशी टॉर्च धरला आणि भाच्याने दुसरीकडून पाहिलं. चाळणीतून यावा तसा उजेड यायला हवा. अर्ध्या भागातून येत होता. उरलेल्या अर्ध्यात नळ्या मेणबत्तीसारख्या ओघळून एकमेकींना चिकटलेल्या, करड्या, चकाकत्या. एक तुकडा सुटून आत गोल फिरत होता. भाच्याला तो कापून बघायचा होता, मी नाही म्हटलं. जाळीभोवती सिरॅमिकच्या तंतूंची गादी असते आणि तिची धूळ छातीत जायला नको. शिवाय आतले धातू पुन्हा काढून वापरता येतात, त्यामुळे जुना कॅटकॉन पुनर्वापरासाठी जातो, कचऱ्यात नाही.

मधल्या काळात अनेकांनी शॉर्टकट सुचवले. टाकीत ओतायचं क्लीनर: वितळलेलं सिरॅमिक कुठल्या बाटलीने उमलणार? मागच्या सेन्सरखाली लांब नळी लावून त्याला धुरापासून दूर ठेवायचं, म्हणजे दिवा लागत नाही: हे थर्मामीटर पाण्यात बुडवून ताप उतरला म्हणण्यासारखं. आतली जाळी फोडून नुसता रिकामा डबा ठेवायचा: हे सुचवणाऱ्या गृहस्थांशी मी हल्ली फक्त हवामानावर बोलते.

नवा या गाडीच्या प्रदूषण मानकासाठी मान्यता असलेला घेतला. हातात घेतल्यावरच वजनातला फरक कळला. डब्यावर बाण असतो, धूर जायच्या दिशेचा, तो बघून घ्यायचा. पुढचं गॅस्केट नवं, मागच्या जोडाची गोल रिंग नवी, नट नवे. जुनं गॅस्केट परत वापरलं तर गळती, आणि गळती म्हणजे पुन्हा तोच कोड. आधी सगळं हातानेच सैल बसवलं, रबरी हँगरांत डबा लटकवला, सरळ केला आणि मग पुढून मागे घट्ट करत गेलो. एक जोड आधीच आवळला की पुढचे जोड तिरपे बसतात, हे आम्ही पहिल्या प्रयत्नात शिकलो. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, अगदी थोडं, टोकाला अजिबात नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर डब्यातून वास आणि पातळ धूर यायला लागला. भाच्याने उडी मारून इंजिन बंद केलं. नव्या डब्याच्या गादीतला चिकट पदार्थ पहिल्या तापण्यात जळतो, तेवढंच ते होतं. अर्ध्या तासात थांबलं. पूर्ण गार झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा आवळले.

कोड पुसला की दिवा लगेच विझतो, पण त्याला काही अर्थ नसतो. कोड पुसताना संगणक आपल्या चाचण्याही कोऱ्या करतो आणि नव्याने सुरू करतो. कॅटकॉनची चाचणी त्यात सगळ्यात आळशी: थंड इंजिनाने सुरुवात हवी, मग बराच वेळ एकसारख्या वेगाने धावणं हवं. पाचव्या दिवशी ती "पूर्ण" झाली. मागच्या सेन्सरची रेष ०.७ वर आडवी, झोपलेल्या मांजरासारखी. पुढचा वेड्यासारखा नाचतोय आणि तिला पत्ताच नाही.

रविवारी आम्ही मोठ्या चढावर गेलो. मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, गाडी ४,००० च्या पुढे गेली आणि जातच राहिली. मी दिव्याकडे बघत होते. पहिलं वळण, दुसरं वळण, काही नाही.

"मावशी," भाचा म्हणाला, "दिवा मी बघतो. तू रस्ता बघ."